तळमजल्याचा जोड

मी बोलतेय ती गच्चीवरून. जरा मान वर करा. पाण्याच्या टाकीच्या बाजूला एक लोखंडी काठी उभी आहे आणि तिच्या टोकाला माशाच्या काट्यासारखं काहीतरी आडवं बसलंय ना, ती मी. टीव्हीची अँटिना. सगळी बिल्डिंग मला 'तो अँटिना' म्हणत आली. म्हणोत बापडे. दिवसभर उन्हात उभं राहायचं, घरोघरी देत राहायचं, आणि कुठं बिघडलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे काम कोणत्या बाप्याचं असतं सांगा बरं? मी बाईच आहे.

जन्म माझा अमरावतीचा, पण अंग अकोल्याचं. तिथल्या भंगार बाजारात एका मोडलेल्या दवाखान्याच्या पडद्यांच्या दांड्या विकायला आल्या होत्या. खाटांभोवती पडदे ओढायच्या, त्या ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्या. रहमतुल्ला मिस्त्रीनं त्या बांधून एसटीच्या टपावर टाकून आणल्या. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेले मेलेले रेडिओ. तयार अँटिना तो कधी विकायचा नाही. "बाजारची उन्हात वाकते. माही नाही वाकत," असं म्हणायचा. नळी कापली की कानाशी धरून टिचकी मारायचा आणि आवाज मनाला आला तरच बसवायचा.

आजारी माणसांचं कण्हणं ऐकून ऐकून मुरलेल्या त्या नळ्या. ऐकणं मला शिकवावं लागलं नाही.

आमच्या बिल्डिंगला तीन मजले, त्यांवर सहा घरं. खाली स्कूटरी लावायची जागा आणि मागच्या अंगाला एक अंधारं घर. आधी गच्चीवर सहा घरांच्या सहा अँटिना होत्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या केल्यासारखी गच्ची दिसायची. एकीच्या तारेत दुसरीची साडी अडकायची आणि भांडण दोघींच्या नवऱ्यांचं व्हायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच उंच अँटिना लावायची ठरवली. ती मी. तळमजल्यावर भाडेकरू येत-जात राहायचे, म्हणून त्या घराला वायर टाकलीच नाही.

मला उभं केलं तो दिवस आठवतो. रहमतुल्ला काठी धरून मला इंच-इंच फिरवायचा आणि ओरडायचा, "आली का?" जिन्यात एकेका मजल्यावर माणूस उभा. वरचा खालच्याला विचारी, "आली का?" आणि खालून वर निरोप येई, "आली! गेली! गेली म्हणते! आता दोन-दोन दिसून राह्यले!" अर्ध्या तासानं सहाही घरांतून एकदम "बस, बस, हलवू नका!" अशी आरोळी उठली. रहमतुल्लानं कठड्यावर गेरूनं एक बाण काढला. टॉवरच्या दिशेचा. "अँटिनाचं तोंड या बाणावर पाहिजे. हललं तर मले बोलवा, कोणी हात लावू नका."

केबल आली ती पुढं. पण आमच्या गल्लीत दोन केबलवाले होते आणि दोघंही एकमेकांच्या वायरी कापायचे. आठ दिवस चित्र, पंधरा दिवस अंधार. बिल्डिंग कंटाळून परत माझ्याकडं आली.

एक गोष्ट मी पक्की पाहिली. चित्र स्वच्छ असलं की माझ्याकडं कुणी बघत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके वळवळायला लागले, 'मुंग्या' आल्या, की सगळ्यांच्या माना वर. एरवी संक्रांतीचा पतंग माझ्यात अडकला तरी तो काढायला कुणी यायचं नाही.

माझ्यातून काय काय गेलं! क्रिकेट गेलं, सासवा-सुनांच्या मालिका गेल्या. मग काही वर्षांत बातम्यांमध्ये आमच्याच बाजूची गावं यायला लागली. काळी जमीन, वाळलेली पऱ्हाटी, ओसरीत बसलेली एखादी बाई आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. बिल्डिंगमधल्या बहुतेकांचं मागं गावाकडं वावर होतं, थोडंबहुत शेत. बातमी लागली की जेवणारे हात थांबायचे, आणि मग कुणीतरी आवाज बारीक करायचं. बंद करायचं नाही, फक्त बारीक करायचं.

अशा एका वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तळमजल्यावर मनकर्णा राहायला आली.

तिचा मुलगा किशोर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बाप लहानपणीच गेलेला, आईनं एकटीनं वाढवलं. नोकरी पक्की झाली तेव्हा त्यानं ते अंधारं घर घेतलं आणि आईला गावाकडून आणलं. चौथीपर्यंत शिकलेली, पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बोलणं असं की समोरचा पहिल्यांदा दचकायचाच. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला आली आणि मला बघून म्हणाली, "काय वं, तू बी एकटीच उभी हाये?" बारा वर्षांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

गच्चीवर तिची मैत्री झाली रुख्मिणीबाईंशी. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या महादेवरावांच्या पत्नी. महादेवराव म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी. अठ्ठावीस वर्षं तलाठी होते, निवृत्त झाले तरी सगळे त्यांना 'भाऊसाहेब'च म्हणत. सुपारी कातरायचा अडकित्ता हातात नाही, असे ते मी कधी पाहिले नाहीत. बिल्डिंगचा नळ किती वाजता उघडायचा, गच्चीची किल्ली कुणाकडं राहील, माझ्या वायरीला कोण हात लावील, हे सगळं तेच ठरवायचे.

चैत्रात कुरडया घालायचे दिवस आले. दोघी मांडी घालून बसल्या होत्या. मनकर्णा सोऱ्या दाबत होती आणि रुख्मिणीबाई धोतरावर कुरडई सोडत होत्या. तेव्हाच मी ते सगळं ऐकलं.

मनकर्णाची धाकटी बहीण मैना, वलगावच्या पुढं आत एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा देवीदास गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. कसा गेला ते त्या वर्षांत वऱ्हाडात कुणी कुणाला विचारत नव्हतं. दारात टीव्हीची गाडी आली म्हणजे समजून घ्यायचं. मनकर्णा नुकतीच बहिणीकडं गेली होती, तेव्हाच ती गाडी आली.

"तीनदा तिले दारातून बाहीर काहाडली वो," मनकर्णा सांगत होती. "एकडाव उजीड नव्हता म्हणे. एकडाव मधात कुत्रं आलं. मंग एक पोट्टा म्हणते, बाई, पदर जरा डोळ्याले लावा. माह्या डोक्यात असी तिडीक गेली! म्या त्याले बाजूले सारलं अन् त्या फोटूच्या डब्यापुढं जाऊन उभी राह्यली. म्हटलं, आता माहं आयका."

"काय बोलल्या तुमी?" रुख्मिणीबाईंचा हात थांबला.

"मैनाच्या नावाचं बोलली. वावर देवीदासच्या नावानं हाये, वरीस झालं तरी सातबाऱ्यावर मैनाचं नाव चढत नाही. सासरा अडून बसला, तलाठी त्याच्या बाजूनं. म्या सारं सांगतलं, भडाभडा. ती माइकवाली पोरगी म्हणे, मावशी, लय छान बोलल्या, हे नक्की घेऊ. येत्या गुरुवारी साडेपाचले दाखोतो म्हणे. आता मले सांगा, टीव्हीवर आलं म्हणजे तलाठी आयकन का नाही? सासरा आयकन का नाही? अख्खा गाव आयकन. मंग कोणाची हिंमत हाये नाही म्हणाची!"

सोऱ्या तिनं एवढा जोरात दाबला की कुरडई एकाच जागी ढीग होऊन बसली.

त्याच संध्याकाळी ती भाऊसाहेबांना भेटली. ते गच्चीवर फेऱ्या मारत होते.

"भाऊसाहेब, आमच्या घरी बी या अँटिनाचा जोड टाकू द्या."

"जमणार नाही बाई."

"कावून?"

"सहा घरं, सहा वाटण्या. सातवी वाटणी केली की सगळ्यांचं पातळ होतं."

"चित्र काय वरण हाये, पातळ व्हाले?"

भाऊसाहेबांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "त्यात तुमचं घर तळाला. नळाचं बघता ना? तुम्ही खाली तोटी उघडली की आम्हाला वर नुसती हवा येते. तसंच हे. तळमजल्याला जोड दिला की सगळं चित्र खाली ओढलं जाईल."

हसू नका. आमच्या बिल्डिंगला नळ एक दिवसाआड, तोही दीड तास. तळमजल्याची तोटी धो धो वाहायची आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई रिकामी बादली धरून उभी असायची. या माणसांचं अर्धं आयुष्य वरचं पाणी खाली जाताना बघण्यात गेलेलं. चित्रही तसंच वाहतं, असं त्यांना वाटलं तर नवल काय? सहाही घरांनी भाऊसाहेबांच्या बोलण्याला माना डोलावल्या होत्या.

"एक दिवसाचंच आहे ना? आमच्याकडं येऊन बघा," भाऊसाहेब म्हणाले. "चहा घ्या, नीट बसून बघा."

मनकर्णाचा आवाज खाली आला. "मैना येऊन राह्यली गुरुवारी. तिले एकडाव लोकाईपुढं रडवलं. आता रडली तर आपल्या घरात रडन. दार लावून पाह्यन. मले पराया घरात नाही पाह्यचं."

भाऊसाहेबांनी सुपारी तोंडात टाकली आणि ते निघून गेले.

किशोरनं मग रहमतुल्लाला बोलावलं. म्हातारा झाला होता, चष्म्याला दोरा बांधलेला, पण गच्चीवर आला की आधी माझ्या काठीवर हात फिरवायचा. त्यानं भाऊसाहेबांना समजावलं. "साहब, चित्र पानी नाही. हवेत पडलं हाये, जेवढं घ्यान तेवढं घ्या. जोड वाढला तर जोर थोडा कमी होते, तो ही बूस्टरची डबी भरून काहाडते. दोन दिवस टाकून पाहू. मुंग्या आल्या तर मीच काहाडून टाकतो. माही जबान." भाऊसाहेब कसेबसे तयार झाले.

सोमवारी सकाळी रहमतुल्लानं सातवी वायर टाकली. तळमजल्यावर स्वच्छ चित्र आलं. मनकर्णानं त्याला भाकर-ठेचा वाढला आणि तो परतवाड्याला एका कामावर गेला, तीन दिवसांसाठी.

आणि त्याच सोमवारी रुख्मिणीबाईंनी गोधड्या धुतल्या.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्याकडं गोधड्या धुवायच्याच. दर वर्षी दोरी टाकीच्या नळाला बांधायचे. त्या वर्षी टाकीखाली कुरडया पसरलेल्या, त्यांवर पाणी ठिबकायला नको, म्हणून रुख्मिणीबाईंनी दोरीचं एक टोक माझ्या काठीला बांधलं. चार गोधड्या, पाण्यानं निथळणाऱ्या. एकेक गोधडी म्हणजे एकेक माणूस. मी दात-ओठ खाऊन उभी राहिले. पण दुपारच्या गरम वाऱ्यात त्या गोधड्या शिडासारख्या फुगल्या आणि काठीचा पकडबोल्ट करकरला. मी फिरले. हातभर फिरले. बाण एकीकडं, माझं तोंड दुसरीकडं.

संध्याकाळी गोधड्या वाळल्या, रुख्मिणीबाईंनी घडी घालून नेल्या, दोरी सोडली. मी मात्र तशीच वाकडं तोंड करून उभी.

सात वाजता सहाही घरांत मुंग्या आल्या. सातव्याही घरात आल्या, पण ते कोण बघतो?

"खाली ओढलं! मी म्हणत होतो ना?" भाऊसाहेब तावातावानं गच्चीवर आले. मागून दोघं-तिघं शेजारी. त्यांनी सातवी वायर शोधली, अडकित्त्यात धरली आणि कच्चकन तोडली. सुपारीसारखी. मग जोडाचं तोंड बघायला वाकले, अडकित्ता कठड्यावर ठेवला आणि तो तिथंच विसरून खाली गेले.

मनकर्णा धावत वर आली तेव्हा तुटलेलं टोक लोंबकळत होतं. तिनं ते हातात धरलं. शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं ते टोक गुंडाळून कठड्याच्या आत ठेवलं. मला पहिल्यांदा माझ्या मुकेपणाचा संताप आला. मी हातभर फिरलेय गं, एवढंच सांगायचं होतं.

वायर तोडूनही मंगळवारी मुंग्या तशाच. भाऊसाहेब म्हणाले, "तिनं दुसरीकडून ओढलं असेल." जिन्यात, खाली शोध शोध शोधलं, काही सापडलं नाही.

बुधवारी दुपारी मनकर्णा कुरडया उलटायला आली. टाकीच्या सावलीत टेकली आणि माझ्याकडं बघत बसली. बघता बघता तिची नजर गेरूच्या बाणावर गेली. मग माझ्यावर. मग परत बाणावर. उठून जवळ आली. काठीवर दोरीचा ओरखडा पडला होता, त्यावर तिनं अंगठा फिरवला.

"रुख्मिणीबाई! वो रुख्मिणीबाई! जरा वरतं या!"

रुख्मिणीबाई हात पुसत आल्या.

"गोधड्या कुठी बांधल्या होत्या सोमवारी?"

"या काठीले. कावून?"

"बैलबंडीत एकाच अंगाले ओझं भरलं तं बंडी कशी जाते?"

रुख्मिणीबाईंनी बाण बघितला, मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई! माह्याच गोधड्या! अन् वायर तोडली तुमची!" मग म्हणाल्या, "मी सांगतो त्याईले."

त्यांनी सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "गोधडीनं काय होतं? चित्र हवेतून येतं, गोधडीतून नाही."

गुरुवारी दुपारी एक ते पाच लोडशेडिंग. मैना बाराच्या एसटीनं आली, मनकर्णानं तिला आधी गच्चीवर आणलं. कुरडया दाखवल्या, मला दाखवलं. बारकी, काळीसावळी, हातांना भेगा. कुणी बोललं की आधी जमिनीकडं बघायची. "हे पाह्य, इच्यातून येशीन तू," मनकर्णा म्हणाली. मैनानं मला नमस्कार केला. मला! मी कुठं तोंड लपवू असं झालं.

किशोरनं वर्कशॉपातून पाना आणून दिला आणि तो खाली मैनामावशीपाशी थांबला. रहमतुल्लाच्या दुकानावर त्यानं निरोप ठेवलाच होता. पण मनकर्णा म्हणाली, "मिस्त्री येईन तवा येईन." तिनं बोल्ट ढिला करून ठेवला आणि माझ्या काठीला दोन्ही हात घालून पाच वाजायची वाट बघत उभी राहिली. खालचा जोड तर तुटलेला. चित्र आलं का ते कळायला वरच्याच कुणाचा तरी टीव्ही लागणार होता. रुख्मिणीबाई जिन्यात उभ्या राहिल्या, स्वतःच्याच दाराबाहेर. आत भाऊसाहेब बंद टीव्हीसमोर बसलेले.

पाचला दिवे आले. मनकर्णानं मला फिरवलं. बाईनं आयुष्यभर विहिरीचा दोर ओढलेला, तो जोर मला कळला.

"आली का?"

"आली का हो?" रुख्मिणीबाईंनी आत विचारलं. "अवो, तोंडात सुपारी हाये का? आली का म्हणून राह्यली मी!"

मनकर्णानं आणखी चार बोटं फिरवलं. माझं तोंड बाणाच्या रेषेत आलं आणि सगळं एकदम माझ्या अंगातून धावलं.

"आली! आली! थांबा, हलवू नका, लख्ख आली!" हा आवाज भाऊसाहेबांचा. त्यांनाही तो आपलाच आहे हे कळायला क्षणभर लागलं असणार.

सव्वापाचला रहमतुल्ला धापा टाकत जिना चढला. परतवाड्याहून उभ्यानं प्रवास करून आला होता. तोडलेली वायर त्यानं दातांनीच सोलली, जोडली, चिकटपट्टी गुंडाळली. "जा ताई, आता जा खाली." मनकर्णा तीन मजले उतरली. साडेपाचला पाच मिनिटं होती. दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

आता जे माझ्यातून गेलं ते सांगते.

आधी संगीत. रडवं. मग वाळलेली पऱ्हाटी. मग मैनाचं दार आणि दारातून येणारी मैना, पदर डोळ्याला लावलेली. भिंतीवरचा देवीदासचा फोटो, जवळून, अजून जवळून. आणि मग मनकर्णा. कपाळाला आठ्या, हात वर केलेला, तोंड चाललेलं. पण आवाज तिचा नव्हता. एक पुरुष, गोड, सावकाश, पुस्तकातल्यासारखं बोलत होता: "डोळ्यांतलं पाणी आटलेल्या या भगिनींच्या वेदनेला शब्द नाहीत..."

शब्द नाहीत! तिचे ओठ शब्दांनी फुटत होते, आणि तो म्हणतो शब्द नाहीत.

पाणी पिऊन व्हावं एवढ्या वेळात ते संपलं. पुढं खताची जाहिरात.

मी शपथेवर सांगते, मी काही सांडलं नाही. आलेला कण न् कण मी खाली दिला. जे पाठवलंच नव्हतं ते मी कुठून आणू?

थोड्या वेळानं मनकर्णा वर आली. सूर्य मावळतीला होता, गच्ची तव्यासारखी तापलेली, आणि ती अनवाणी. आली ती सरळ माझ्यापाशी आणि काठीवर तिनं थापड मारली. अजून तो घाव मला आठवतो.

"तूच गिळलं का माहं बोलणं? सांग! तूच खाल्लं का?"

मग तिच्या हातातला जोर गेला. काठीला डोकं टेकवून ती खाली बसली. आणि बोलायला लागली, माझ्याशी, जणू मीच तो टीव्हीवाल्यांचा डबा.

"म्या काय म्हटलं होतं, आयक. म्या म्हटलं, इले रडाले लावू नका. इचे हात पाहा. देवीदासच्या तेरव्याच्या दुसऱ्या दिवशी हे हात निंदाले गेले. तूर इनं सोंगली. कापूस इनं येचला. बैलं इनं सांभाळले. कागदावर मेल्या माणसाचं नाव अजून हाये, अन् जित्या बाईचं नाही. त्या फोटोले तुमी हार घालता, हार नका घालू. इचं नाव घाला सातबाऱ्यावर. नाव नाही म्हणून इले कोणी दारात उभी करत नाही. बांधावर गेली तं सासरा म्हणते, तू कोण? तलाठी म्हणते, तू कोण? मंग तुमीच जाऊन इचारा त्याईले, ही कोण हाये? एवढंच इचारा."

मी घेणारी आहे, पाठवणारी नाही. रहमतुल्लानं मला तसंच बनवलंय. तिचं बोलणं माझ्या नळ्यांतून घुमलं आणि तिथंच राहिलं.

पण जिन्याच्या दारात कुणीतरी उभं होतं.

भाऊसाहेब तीन दिवस घरभर शोधून न सापडलेला आपला अडकित्ता बघायला आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मनकर्णानं मान वळवली, उठली नाही.

"तलाठी काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"म्हणते, सासऱ्याची सही आन."

ते कठड्यापर्यंत आले. मग म्हणाले, "लागत नाही."

"काय नाही लागत?"

"सही. जमीन तिच्या नवऱ्याच्या नावावर होती ना? मग बायको वारस आहेच. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, आणि अर्ज मिळाल्याची पोच. सासऱ्याची सही कुठंच लागत नाही."

"मंग तो मांगते कावून?"

भाऊसाहेबांनी कठड्यावरचा अडकित्ता उचलला. सुपारी नव्हतीच, नुसताच उघड-मीट करत राहिले. "मी पण मागायचो," ते म्हणाले. "सही आण म्हटलं की बाई परत येत नाही. घरचे लोक पण खूश राहतात. गावात कुणाशी वाकडं होत नाही."

मला वाटलं, आता ही उठून यांच्या कानाखाली देणार.

"किती बाया?" तिनं विचारलं.

"मोजल्या नाहीत."

मनकर्णा उठली. पदर खोचला. "मंग आता मोजा. खाली बसली हाये, थे पह्यली."

भाऊसाहेब त्या संध्याकाळी पहिल्यांदा तळमजल्याच्या घरात गेले. अर्ज त्यांनी कार्बन घालून स्वतःच्या हातानं लिहिला. त्यांचं खणखणीत वाचन मला गच्चीपर्यंत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी बहिणींना घेऊन वलगावकडं गेले. ते काम एका दिवसात झालं नाही. पाच वेळा गेले. दोनदा तलाठ्याचं दार बंद मिळालं, एकदा सासऱ्यानं अंगावर काठी उगारली. पोळा झाल्यावर नाव चढलं. सासू, मैनाची दोन लेकरं आणि शेवटच्या ओळीत मैना. शेवटच्या ओळीत, पण चढलं.

त्यानंतर भाऊसाहेबांच्या दारात कधी कुणी बाई चपला काढून उभी दिसायची. मनकर्णा तिला तिसरा मजला दाखवून यायची आणि गच्चीवर येऊन मला सांगायची, "सातवी." "अकरावी." पुढं तिनं मोजणं सोडलं. भाऊसाहेबांना तिनं माफ केलं का? मला नाही वाटत. चहाला मात्र बोलवायची.

आता माझं काय विचारता. गच्चीवर डिशच्या सात पांढऱ्या थाळ्या आल्यात, प्रत्येक घराची वेगळी. टॉवरवरून माझ्यासाठी काही येत नाही. रहमतुल्ला गेला, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मुद्दाम वर आला, मला टिचकी मारली, कान लावला आणि "चांगली हाये" म्हणाला. रुख्मिणीबाई अजून अखाजीला गोधड्या धुतात आणि आता बिनधास्त माझ्याच काठीला दोरी बांधतात. बांधू दे. तोंड कुठंही वळलं तरी आता कुणाचं काही बिघडत नाही. मनकर्णाचे केस पिकलेत. तीन मजले चढते, दम खाते, मला एक थापड मारते आणि कुरडया उलटते.

उद्या मला काढतील. पुन्हा भंगारात जाईन, पुन्हा कशाच्या तरी दांड्या होईन. त्याचं मला दुःख नाही आणि मला जपून ठेवा असंही माझं म्हणणं नाही.

एकच काम सांगते. तुमच्या घरात आता मुंग्या येत नाहीत, चित्र लख्ख दिसतं. त्या लख्ख चित्रात कधी एखादी बाई दिसेल. तोंड तिचं चाललेलं असेल आणि बोलत दुसराच कुणी असेल. तेव्हा आवाज बारीक करून जेवायला लागू नका. ती तुमच्याच बाजूची असेल, एसटीनं तासाभरावर. जा, आणि काय बोलली होतीस म्हणून तिलाच विचारा.